स्वप्नातला गोठा

विंटेज गाड्या म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? एखाद्या संस्थानिकाची चकाचक रोल्स रॉईस, शेजारी फेटा बांधलेला ड्रायव्हर आणि भोवती मोबाईल उंच धरून फोटो काढणारे आपल्यासारखे लोक. छान असतात त्या गाड्या, तक्रार काही नाही. पण खरं सांगायचं तर मला त्या कधी आपल्या वाटल्या नाहीत. आमच्या सात पिढ्यांत कोणी रोल्स रॉईसमधून फिरलेलं नाही. आजोबा फिरले ते ट्रकच्या हौद्यात उसाच्या मोळ्यांवर बसून, नाहीतर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर एका अंगाला लटकून.

त्यामुळे माझ्या स्वप्नात गॅरेज नाही, गोठा आहे. म्हणजे समजा, उद्या कंपनीचे शेअर्स अचानक दसपट झाले, गृहकर्ज फिटलं आणि घरच्या मंडळींनी "कर बाबा तुला काय करायचं ते" असं म्हटलं (तीनही गोष्टींची शक्यता साधारण सारखीच आहे :) ), तर गावाबाहेर दोन एकर जागा घ्यायची, पत्र्याची लांबलचक शेड ठोकायची आणि तिच्यात सहा जुनी यंत्रं आणून बांधायची. तीन-चार ट्रॅक्टर, दोन ट्रक.

यादी करताना अट एकच ठेवली. नुसतं दुर्मीळ असून चालणार नाही, त्या यंत्राला सांगण्यासारखी गोष्ट पाहिजे. यादी झाली आणि एक विचित्र प्रकार लक्षात आला. सहापैकी चार यंत्रं परदेशी आहेत आणि खिशात पैसा असेल तर ती आजही मिळतात. शौकिनांच्या संघटना आहेत, लिलाव होतात, सुटे भागही कोणीतरी नव्याने बनवून विकतं. उरलेली दोन आपली आहेत. ती मात्र मूळ अवस्थेत मिळणं जास्त कठीण. जर्मनीतलं शंभर वर्षांपूर्वीचं यंत्र मिळेल, पण आपल्याच रस्त्यावरचा साठ वर्षांपूर्वीचा ट्रक मिळायची मारामार! असं का, ते शेवटी बघू. आधी यादी.

पण यादीच्याही आधी दोन परिच्छेद इतिहास, कारण त्याशिवाय पुढची मजा कळणार नाही.

एकोणिसाव्या शतकात नांगरायला वाफेची इंजिनं होती, पण ती म्हणजे चाकावरचे रेल्वे इंजिनाचे भाऊ. मऊ जमिनीत रुतणारी आणि पाणी-कोळसा खाणारी. १८९२ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात जॉन फ्रोलिक नावाच्या माणसाने पेट्रोलचं इंजिन चाकांवर चढवलं आणि ते पुढेही जाईल, मागेही येईल अशी सोय केली. आजच्या ट्रॅक्टरचा मूळपुरुष तो. फ्रोलिकला स्वतःला त्यातून फारसं काही मिळालं नाही. त्याने ज्या कंपनीची सुरुवात केली ती फिरत फिरत १९१८ मध्ये जॉन डिअरच्या पदरात पडली.

ट्रॅक्टर सामान्य शेतकऱ्यापर्यंत नेला तो हेन्री फोर्डने. १९१७ मध्ये त्याने फोर्डसन काढला आणि मॉडेल टी मोटारीसारखाच धडाधड बनवायला घेतला. १९२२ मध्ये त्याची किंमत उतरवून ३९५ डॉलरवर आणली. लाखोंनी खपला. पण त्याच्यात एक जीवघेणी खोड होती. मागे जोडलेला नांगर मुळात किंवा दगडात अडकला की चाकं जागीच थांबायची, इंजिनाचा जोर मात्र चालूच. मग चाकं फिरत नाहीत म्हटल्यावर ट्रॅक्टरच मागच्या आसाभोवती फिरायचा. तोंड वर उचललं जायचं आणि काही कळायच्या आत सगळं धूड चालवणाऱ्याच्या अंगावर. माणसं मेली यात. ही खोड लक्षात ठेवा, चौथ्या नंबरला तिचं काम आहे.

१. लान्झ बुलडॉग

जर्मनीतल्या मानहाइम शहरात हाइनरिश लान्झ यांची कंपनी होती. तिथल्या फ्रिट्झ हुबर या इंजिनिअरने १९२१ मध्ये एक ट्रॅक्टर काढला. समोरून इंजिनाचा आकार चपट्या तोंडाच्या कुत्र्यासारखा दिसायचा, म्हणून नाव पडलं बुलडॉग.

या यंत्राचा साधेपणा बघून मला आपल्या धंद्याची लाज वाटते. सिलिंडर एकच. स्पार्क प्लग नाही, बॅटरी नाही. सिलिंडरच्या तोंडाशी लोखंडाचा एक पोकळ गोळा असतो. चालू करण्याआधी त्याच्याखाली ब्लोलँप लावायचा, गोळा चांगला तापू द्यायचा. मग स्टिअरिंगचं चाक दांड्यासकट उपसून काढायचं (हो, स्टिअरिंगच!), बाजूच्या जड चाकात खुपसायचं आणि झोके देत देत इंजिन फिरवायचं. एकदा पेटलं की पुढे तो गोळा स्वतःच्याच उष्णतेने तापलेला राहतो. इंधन म्हणून काय वाटेल ते चालतं. कच्चं तेल, वापरलेलं तेल, वनस्पती तेल... बुलडॉग नाक मुरडत नाही.

पुढच्या मोठ्या मॉडेलांत या एकुलत्या एका सिलिंडरचं आकारमान होतं १०.३ लिटर. मारुती ८०० चं पूर्ण इंजिन ७९६ सीसीचं. म्हणजे तेरा मारुतींची इंजिनं एकाच डब्यात ओतली! वेग मात्र मिनिटाला सहाशेच्या आसपास फेरे. त्यामुळे आवाज सलग येत नाही, एकेक ठोका मोजता येतो. उभ्या उभ्या सगळा ट्रॅक्टर त्या ठोक्यांवर डुलत असतो.

सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे पहिल्या मॉडेलला रिव्हर्स गिअरच नव्हता. हे इंजिन उलटसुलट कुठल्याही दिशेने फिरू शकतं. मागे जायचं असेल तर इंजिन इतकं मंद करायचं की ते आता बंद पडणार असं वाटलं पाहिजे. नेमक्या त्या क्षणी पुन्हा इंधन द्यायचं, की इंजिन उलटं फिरायला लागतं. जमलं तर जमलं.

आपण जसं कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, तसं जर्मनीच्या दक्षिणेत आजही कुठल्याही ट्रॅक्टरला लोक बुलडॉग म्हणतात. पोलंडच्या उर्सुस कंपनीने १९४७ पासून याची नक्कल बनवली. (याच उर्सुसचा हात धरून १९६० च्या दशकात आपल्या एस्कॉर्ट्सने फरिदाबादला ट्रॅक्टर बनवायला घेतले, पण ते पुढच्या पिढीतले, बुलडॉग नव्हेत.) १९५६ मध्ये जॉन डिअरने लान्झ विकत घेतली आणि चारेक वर्षांत बुलडॉग बंद केला. मानहाइमचा कारखाना मात्र अजून चालू आहे. तिथून आता जॉन डिअरचे हिरवे ट्रॅक्टर बाहेर पडतात.

२. मॅक एसी

आता दुसरा बुलडॉग. हा अमेरिकन आणि हा ट्रक.

१९१६ साली मॅक कंपनीने एसी नावाचं मॉडेल काढलं. याचा रेडिएटर इंजिनाच्या मागे बसवलेला होता, त्यामुळे पुढे नुसतं उतरतं बोथट बॉनेट दिसायचं. पहिल्या महायुद्धात हे ट्रक ब्रिटिश सैन्याकडे गेले. फ्रान्सच्या चिखलात बाकीच्या गाड्या रुतून बसत आणि हा आपला गुरगुरत पुढे. सैनिकांनी त्याला बुलडॉग म्हणायला सुरुवात केली. कंपनीला ते नाव इतकं आवडलं की १९२२ मध्ये तिने बुलडॉग आपली खूण म्हणूनच घेतला. आजही मॅकच्या बॉनेटवर तो कुत्रा बसलेला असतो.

मागच्या चाकांना ताकद पोचवायला सायकलसारख्या दोन जाडजूड साखळ्या. टायर भरीव रबराचे, म्हणजे पंक्चरचा प्रश्नच नाही, आणि पाठीच्या मणक्यांचं काय होत असेल ते विचारू नका. साखळी का? तर त्या काळी मागच्या आसातले गिअर जड ओझ्याखाली दगा द्यायचे. साखळी तुटली तर रस्त्याच्या कडेला बसून जोडता येते. कामाच्या यंत्राचं हे तत्त्वच आहे. बिघडणार तर आहेच, पण जिथे बिघडेल तिथेच दुरुस्त होईल असं बनवा. हे मॉडेल १९३९ पर्यंत चाललं आणि चाळीस हजारांच्या आसपास बनलं. तेवीस वर्षं एकच मॉडेल. आपल्याकडे तेवीस महिन्यांत अख्खी सिस्टीम नव्याने लिहायला काढतात.

३. यूडीएलएक्स

हा माझ्या यादीतला नापास विद्यार्थी, पण वर्गातला सगळ्यात हुशार.

१९३८ साली मिनिआपोलिस-मोलाइन या अमेरिकन कंपनीच्या डोक्यात एक कल्पना आली. त्या काळचा ट्रॅक्टर म्हणजे लोखंडी सीट आणि वर उघडं आभाळ. उन्हाळ्यात भाजायचं, हिवाळ्यात गोठायचं. मग शेतकऱ्याला बंद केबिन दिली तर? नुसती केबिन दिली नाही. काचा, वायपर, हीटर, रेडिओ, सिगारेट पेटवायचा लायटर, शेजारी बसायला दुसरी सीट. आणि पाचवा गिअर असा की रस्त्यावर ताशी चाळीस मैल. कंपनीचं म्हणणं, दिवसभर नांगरा आणि संध्याकाळी याच ट्रॅक्टरवरून बायकोला घेऊन गावात सिनेमाला जा!

किंमत दोन हजार डॉलरच्या आसपास. तेवढ्यात साधा ट्रॅक्टर आणि मोटार दोन्ही यायचं. काळ मंदीचा. शिवाय शेतकऱ्यांना वाटायचं, गरम केबिनमध्ये रेडिओ ऐकत नांगरताना शेजाऱ्याने बघितलं तर काय म्हणेल? किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असं म्हणणारे आपल्याकडे होतेच. नवीन यंत्राची परीक्षा आधी बांधावर होते, शेतात नंतर. सुमारे दीडशे यूडीएलएक्स बनले आणि प्रकरण गुंडाळलं गेलं.

आता काळाचा न्याय बघा. आज अमेरिकेत एसी केबिन नसलेला मोठा ट्रॅक्टर शोधावा लागेल. आपल्याकडे ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा व्हायला १ ऑक्टोबर २०२५ उजाडावं लागलं, तेही त्यानंतर बनलेल्या मध्यम आणि अवजड ट्रकांपुरतं. यूडीएलएक्स सत्याऐंशी वर्षं आधी बरोबर होता. आणि ज्या ट्रॅक्टरला तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, तो आता लिलावात एक लाख डॉलरच्या वर जातो. खपला नाही म्हणून कमी बनला, कमी बनला म्हणून दुर्मीळ, दुर्मीळ म्हणून जपला गेला. ही साखळी ध्यानात ठेवा.

४. फर्ग्युसन टीई-२०

आणि हा बरोबर उलटा. इतका खपला की दुर्मीळ होण्याचा प्रश्नच आला नाही. इंग्लंडमध्ये चांगला चालता फर्गी अजूनही आपल्याकडच्या एखाद्या भारी मोटारसायकलच्या किमतीत मिळतो. म्हणजे माझ्या यादीतली ही एकमेव परवडणारी चीज. (बोटीचं भाडं आणि कस्टमचा विषय काढू नका.)

हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडचा. स्वतः बनवलेलं विमान त्याने ३१ डिसेंबर १९०९ ला उडवलं. आयर्लंडमधलं ते पहिलं उड्डाण. पण त्याचं नाव राहिलं ते फोर्डसनची ती जीवघेणी खोड मोडल्याबद्दल.

त्याचं म्हणणं असं की नांगर ट्रॅक्टरला मागे बांधून ओढायचाच कशाला? नांगर हा ट्रॅक्टरचाच अवयव करा. मागे तीन दांडे, दोन खाली आणि एक वर. खालचे दोन नांगर ओढतात. जमिनीत घुसलेला नांगर वरच्या दांड्याला पुढे रेटतो, आणि त्या रेट्याने ट्रॅक्टरचं तोंड उचललं जाण्याऐवजी खाली दाबलं जातं. शिवाय तोच दांडा हायड्रॉलिकच्या व्हॉल्व्हला जोडलेला. जमीन कठीण लागली, रेटा वाढला, की व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर किंचित वर उचलला जातो. रेटा कमी झाला की परत खाली. दगडात अडकलाच तर मागच्या चाकांवरचा भार कमी होऊन ती जागच्या जागी घसरतात, ट्रॅक्टर उलटत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा चक्क फीडबॅक लूप आहे! एकही वायर नाही, एकही सेन्सर नाही, सगळं तेल आणि लोखंड. तेही १९३० च्या दशकात. मी पहिल्यांदा याची आकृती समजून घेतली तेव्हा पाच मिनिटं नुसता बघत बसलो होतो.

१९३८ मध्ये फर्ग्युसनने हेन्री फोर्डला प्रात्यक्षिक दाखवलं. दोघांनी हातात हात दिला आणि करार झाला. कागद नाही, सही नाही. त्यातून फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टर आला, लाखोंनी गेला. पुढे म्हाताऱ्या फोर्डचा नातू गादीवर आला आणि त्याने हा तोंडी करार मोडला. पण तीन दांड्यांची रचना वापरणं काही सोडलं नाही. फर्ग्युसनने १९४८ मध्ये २५ कोटी १० लाख डॉलरचा दावा ठोकला. १९५२ मध्ये तडजोड झाली, हातात पडले ९२ लाख ५० हजार. तात्पर्य, शेकहँड कितीही घट्ट असला तरी ई-मेलवर कन्फर्म करून घ्या.

मधल्या काळात, १९४६ पासून, त्याने इंग्लंडमध्ये कव्हेंट्रीला स्वतःचा टीई-२० बनवायला घेतला होता. राखाडी रंगाचा, बुटका, जेमतेम टनभर वजनाचा. १९५६ पर्यंत पाच लाखांहून जास्त बनले. एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो असेच तीन फर्गी चालवत! चाकांवर पट्टे चढवले होते, केबिनच्या नावाखाली कापड. खरं म्हणजे त्याचं काम दुसऱ्या तुकडीसाठी वाटेत सामानाचे साठे करून ठेवण्याचं होतं. पण ट्रॅक्टर चालतायत म्हटल्यावर तो पुढे जातच राहिला.

आज गावाकडे कुठल्याही ट्रॅक्टरच्या मागे जाऊन उभे राहा. रोटाव्हेटर असो, पेरणी यंत्र असो, ते तीन दांड्यांवरच लटकलेलं दिसेल. कंपनी कुठलीही असो. फर्ग्युसनची कंपनी १९५३ मध्ये मॅसी-हॅरिसमध्ये विलीन झाली, त्यातून पुढे मॅसी फर्ग्युसन हे नाव आलं. आणि त्यांच्याशी करार करून चेन्नईची टाफे हे ट्रॅक्टर आपल्याकडे बनवायला लागली. इथून आपण घरी येतो.

५. पहिला आयशर

स्वातंत्र्यानंतर लगेचचे आपले ट्रॅक्टर सगळे बाहेरचे. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेले ट्रॅक्टर सरकारने गोळा केले आणि मध्य भारतातल्या कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोकळ्या करायला लावले. कांसाची मुळं इतकी खोल की बैलाच्या नांगराचं काही चालायचं नाही. जागतिक बँकेने भारताला दिलेलं दुसरंच कर्ज, १९४९ मधलं एक कोटी डॉलरचं, या कामाच्या यंत्रांसाठी होतं. १९५६ मध्ये रशियाने भेट दिलेल्या यंत्रांवर राजस्थानात सुरतगडचं सरकारी शेत उभं राहिलं.

आणि मग २४ एप्रिल १९५९ ला फरिदाबादच्या कारखान्यातून आयशर बाहेर पडला. भारतात तयार झालेला पहिला ट्रॅक्टर. मूळ आयशर हे बव्हेरियातले दोन भाऊ, त्यांचं वैशिष्ट्य म्हणजे हवेने थंड होणारं इंजिन. रेडिएटर नाही, पाणी नाही. जिथे प्यायच्या पाण्याची बोंब तिथे ही केवढी मोठी सोय! १९६३ मध्ये महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ बनायला लागला. १९७४ मध्ये पंजाबात स्वराज आला, पूर्णपणे इथल्याच इंजिनिअरांच्या डोक्यातून.

यातला बी-२७५ बघा. त्याचा नमुना ब्रिटनमधला, १९५८ चा. तिकडे त्याचं उत्पादन १९६० च्या दशकातच थांबलं आणि आज तो तिकडच्या शौकिनांच्या मेळाव्यात धुवून-पुसून उभा असतो. आपल्याकडे? महिंद्राचा २७५ अजूनही नवा कोरा मिळतो! आतून बाहेरून पुष्कळ बदललाय, पण नंबर तोच. तिकडच्या म्हाताऱ्याचा नातू इकडे शोरूममध्ये.

६. टाटा-मर्सिडीज

ही माझी सगळ्यात लाडकी जागा, शेडच्या अगदी दाराशी.

त्याआधी मुंबईत ट्रक यायचे ते खोक्यांतून. फोर्डने १९२६ मध्ये आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली. जनरल मोटर्सचा कारखाना शिवडीला होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स काढली आणि कुर्ल्याला डॉज, फार्गो जुळवले जाऊ लागले (डॉज आणि फार्गो, एकाच पिठाच्या दोन भाकऱ्या, नावाची पट्टी तेवढी वेगळी). १ जून १९४८ ला एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला गेली ती बेडफर्ड. मग सरकारने ठरवलं की नुसतं जोडकाम नको, इथे बनवणार असाल तर राहा. जनरल मोटर्सने १९५४ मध्ये गाशा गुंडाळला.

त्याच १९५४ मध्ये जमशेदपूरला, जिथे टेल्को रेल्वे इंजिनं बनवत होती, तिथे डाइम्लर-बेन्झच्या सहकार्याने ट्रक बनायला लागला. एल-३१२. गोल नाकाचा, आणि पुढच्या जाळीवर मर्सिडीजची चांदणी. विचार करा, आज जी चांदणी बघून पोरं सेल्फी काढतात, ती तेव्हा कांद्याची पोती घेऊन घाट चढत होती. करार पंधरा वर्षांचा होता. १९६९ मध्ये तो संपला, चांदणी गेली, तिच्या जागी टाटांचा टी आला. ट्रक तेच राहिले. कारण दरम्यान ते इथे बनवणारी माणसं तयार झाली होती. त्यात सुमंत मुळगावकरांचा वाटा केवढा, ते सांगायला नको. टेल्कोचा पुण्याचा कारखाना त्यांनी उभा केला, आणि सुमो या गाडीचं नाव सुमंतमधला सु आणि मुळगावकरमधला मो घेऊन ठेवलंय.

नावांवरून आठवलं. टाटाच्या जुन्या ट्रकांचे नंबर वाचायची युक्ती माहितीये? १२१० म्हणजे साधारण १२ टन वजन आणि १०० हॉर्सपॉवर. १६१३ म्हणजे १६ टन, १३०. पुण्यात १९८६ मध्ये आलेला ४०७ म्हणजे ४ टन, ७०. पद्धत मूळ मर्सिडीजची. नावातच डॉक्युमेंटेशन!

मग अडचण कुठे आहे?

आता सुरुवातीचा प्रश्न. ही शेवटची दोन मिळणं अवघड का?

पहिलं कारण, आपल्याकडे काम करणारं यंत्र निवृत्तच होत नाही. ट्रक दहा वर्षं लांब पल्ल्यावर चालतो, मग जिल्ह्यात, मग वीटभट्टीवर. मग त्याचं इंजिन काढून विहिरीवर बसवतात, पाटे लोहाराकडे जातात आणि कोयते होऊन बाहेर येतात. ट्रॅक्टरचंही तेच. संस्थानिकाची गाडी टिकली कारण ती उभी होती. हे चालत होते.

दुसरं कारण जरा मजेशीर आहे. मूळ अवस्था म्हणजे नक्की काय? टाटाचा ट्रक कंपनीतून निघायचा तो बहुधा नुसता चासी आणि पुढचं नाक. केबिन आणि हौदा बांधायचा गावातला बॉडीवाला, लाकूड-पत्र्यात, मालकाच्या आवडीनुसार. वरची नक्षी आणि देवाचं नाव पेंटरचं. म्हणजे अर्ध्या ट्रकचे नकाशे जर्मनीत सापडतील आणि उरलेला अर्धा एका सुताराच्या डोक्यात होता. तो सुतार गेला की ते नकाशेही गेले. मॅक एसी पुन्हा जसाच्या तसा बनवता येईल, ती केबिन नाही.

तिसरं, लोखंडाचा भाव. मोडकी मोटार भावनेपोटी कोणी ठेवतं. ट्रक म्हणजे काही टन लोखंड. भंगारवाला काट्यावर वजन करून रोख देतो. आणि चौथं, कायदा. २०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळ्या नोंदणीचे नियम केले, नंबरप्लेटवर व्हीए अक्षरं वगैरे. चांगलंच झालं. पण ते नियम आहेत पन्नास वर्षांवरच्या दुचाक्यांसाठी आणि खासगी वापराच्या चारचाकींसाठी. ज्याचा जन्मच माल वाहण्यासाठी झाला त्या सहा टायरवाल्याची त्या वाक्यात सोय नाही.

मला यात खुपतं ते हे, की हरितक्रांती, धरणं, साखर कारखाने, बाजार समित्या हे सगळं आपण पुस्तकात वाचतो. ते ज्यावर लादून आलं ते यंत्र मात्र दाखवायला नाही. रणगाड्यांसाठी नगरला संग्रहालय आहे, रेल्वे इंजिनांसाठी दिल्लीला. गुरुग्रामजवळ तावडूला २०१३ पासून वाहतुकीचं एक चांगलं खासगी संग्रहालय आहे. पण एवढ्या मोठ्या देशाला तेवढं पुरणार नाही. आपण रोज जे सॉफ्टवेअर लिहितो त्याचंही हेच होणार म्हणा. चालतंय तोवर कोणी बघत नाही, बंद पडलं की डिलीट.

माझा गोठा काही बांधून व्हायचा नाही, ते मलाही माहितीये. पण बिनपैशाचं एक काम आपल्यापैकी कोणालाही करता येईल. पुढच्या वेळी गावी गेलात की घरामागे, गिरणीशेजारी, गॅरेजच्या कोपऱ्यात बघा. गवतात एखादं गोल नाक किंवा लोखंडी सीट दिसेल. पत्र्यावरची कंपनीची पाटी पुसून फोटो काढा, चासी नंबर टिपून ठेवा. आरसी बुक असेल तर त्याचाही फोटो घ्या. आणि तो चालवणारे काका अजून असतील तर त्यांना एवढंच विचारा, "काका, थंडीत हा चालू कसा करायचात?"

मग मात्र तासभर वेळ हाताशी ठेवा. आणि चहा सांगा.